सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ

घर बघायला गेलो त्या दिवशी मालकांनी आम्हाला नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. अंगणात उभ्या उभ्या त्यांनी माझ्याकडे बघून एकच प्रश्न टाकला, "ताई, तुम्ही काकडीला मीठ कधी लावता?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा विहिरीकडे बघत होता.

"कोशिंबिरीच्या?" मी म्हटलं. "चोचवली की लावून ठेवते. मग सुटलेलं पाणी पिळून टाकते."

"टाकता!" ते अक्षरशः कळवळले. "महिनाभर त्या वेलाने मुळांनी ओढून ओढून पाणी वर आणलं, एकेका पेशीत भरलं. तुम्ही चिमूटभर मीठ टाकून दहा मिनिटांत ते बाहेर काढलंत आणि मोरीत ओतलंत. पानात वाढताना लावत जा. त्याच्या आधी नाही."

मी बरं म्हटलं. एवढ्यावर आम्हाला खोली मिळाली.

हे सत्त्याण्णव सालचं. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गास गावात, सरांचं कौलारू घर होतं आणि त्याला चिकटून आमच्या दोन खोल्या. सर मुंबईच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गावातले लोक त्यांना मास्तर म्हणत, आम्ही सर म्हणायचो. बायको वारलेली, मुलगा आखातात. उंच, काटकुळा माणूस, खाकी अर्धी चड्डी, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी काचेचा ड्रॉपर. नातेवाईक आले की त्यांच्याशी ते घरच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला देवगडवालीला ओ की ठो कळायचं नाही. आमच्याशी मात्र पुस्तकात छापावं तसं मराठी.

आणि हा माणूस बसत नसे. जेवण ताटली हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेले तरी मागच्या दाराशी उभे. पेपरही चालता चालता वाचायचे, त्यामुळे दोनदा तुळशीवर आपटले. ती तुळस माझी होती. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, जरा टेका ना कुठेतरी. बघूनच माझे पाय दुखतात."

"पेशी टेकते का?" ते म्हणाले. "तुम्ही गाढ झोपलात तरी तुमच्या एकेका पेशीच्या पडद्यात पंप चालू असतात. मीठ बाहेर फेक, मीठ बाहेर फेक. ते पुन्हा आत झिरपतं, हे पुन्हा बाहेर फेकतात. खाल्लेल्यातलं केवढं तरी त्यातच जातं. पंप थांबले की माणूस आटोपला."

"मग ते करतायत ना काम? तुम्ही बसा."

हे त्यांना पटलं. पण बसले नाहीत ते नाहीतच.

जगात दोनच प्रकारची येणी-जाणी आहेत असं त्यांचं मत होतं. एक फुकटचं आणि एक खर्चाचं. मी सुकी मासळी भाजली की वास भिंत ओलांडून त्यांच्या ओटीवर जाई, ते फुकटचं. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिथे, उतारावरून घरंगळल्यासारखं. विहिरीचं पाणी मोटर लावून टाकीत चढवायचं, ते खर्चाचं. माणसांनाही ते हेच लावत. कोणी पाहुणा आला की मला हळूच विचारायचे, "हा आपणहून घरंगळत आलाय की तुम्ही ओढून आणलाय?" माझा दीर बोलावल्याशिवाय येऊन आठ दिवस राहिला तेव्हा सर त्याच्या तोंडावर "अगदी फुकटचं येणं" म्हणाले. दिराला वाटलं कौतुक केलं.

दर शुक्रवारी अर्नाळ्याची एक कोळीण टोपली घेऊन यायची. ती आली की सर कंपाऊंडचं दार अडवून उभे राहात.

"हा खारा बांगडा कुजत का नाही, सांग."

"मीठ लावलंय ना मास्तर."

"मिठाने काय होतं?"

"मिठानं किडे नाय पडत. त्यान्ला खारं आवडत नाय."

"आवडनिवड नाही गं! कुजवणारा जीव तिथे आला की मीठ त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढून घेतं. तो तिथल्या तिथे वाळून मरतो."

"बरा झाला मेला. तुमी घेताय का नाय? मला अजून चार आळ्या फिरायच्या हायत."

सर घेत, आणि ती गेल्यावर मला सांगत, "हुशार बाई आहे. नुसतं कारण चुकतं."

त्यांच्याकडे जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता. खालून जांभळी असणारी शोभेची पानं त्यांनी कुंड्यांत मुद्दाम लावली होती. त्या पानाचा पातळ पापुद्रा सोलून ते काचेवर ठेवत आणि जो कोणी तावडीत सापडेल त्याला डोळा लावायला लावत. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा सुटला नाही. मीही बघितलं. जांभळ्या रंगाने भरलेल्या लहान लहान खोल्या एकाला एक लागून. सरांनी कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता तो जांभळा रंग भिंतीपासून सुटला आणि प्रत्येक खोलीच्या मधोमध गोळा होऊन बसला, थंडीत अंग चोरून बसावं तसा. मला ते बघवेना. मी म्हटलं, "आता गोडं पाणी घाला."

"घालतो. पण फार वेळ गेला असेल तर परत भरत नाही, हे लक्षात ठेवा." त्यांनी थेंब सोडला. रंग परत हळूहळू कडेला जाऊन टेकला.

विहिरीच्या बाबतीत त्यांचा उद्योग निराळाच. बटाट्याच्या बोटभर लांबीच्या कांड्या कापायच्या, सोनाराच्या तराजूवर तोलायच्या, विहिरीच्या पाण्यात बुडवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा तोलायच्या. पाणी गोडं असलं की ते बटाट्यात शिरतं आणि कांडी फुगते, वजन वाढतं. पाण्यात मीठ वाढत गेलं की कांडी कमी कमी फुगते. आसपास इमारती उठत होत्या, टँकर गावातल्या विहिरी उपसून नेत होते, आणि जमिनीखालून खाडीचं पाणी पुढे सरकत होतं. "ह्या वर्षी कांडी फुगायचा कंटाळा करतेय," असं सर येता-जाता सांगायचे. "विहिरीचं पिऊ नका." ते इतक्या गोष्टी इतक्या वेळा सांगत की आमच्या कानांना घट्टे पडले होते. नळाला पाणी असलं की नळाचं, नसलं की विहिरीचं, असं आमचं चाललेलं. डाळ शिजायची नाही, चहाचं दूध मधूनच नासायचं. पण जिभेला काय, सहा महिन्यांत सवय होते.

त्यांचं सगळ्यात मोठं काम भिंतीवर होतं. विहिरीलगतच्या कंपाऊंडच्या भिंतीवर त्यांनी निळ्या ऑइलपेंटने ठळक लिहिलं होतं: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब झाल्यास घोटघोट पाजावे. विहिरीवर बायका पाणी भरायला, कपडे धुवायला येत, त्यांना गाठून ते समजावत.

"जुलाबात मीठ एकटं आलं तर आतड्याचं दार ढिम्म. साखर एकटी आली तरी ढिम्म. दोघं हातात हात घालून आले की दार उघडतं. आणि नवरा-नवरी घरात शिरले की वऱ्हाड काय बाहेर थांबतं? पाणी आपोआप मागून येतं."

"आनि सासू, मास्तर?" एकीने विचारलं आणि बाकीच्या धुणं सोडून हसायला लागल्या.

सर गंभीर झाले. "सासू म्हणजे इथे काय धरायचं?" संध्याकाळपर्यंत ते अंगणात फेऱ्या मारत त्याचा विचार करत होते.

चव घ्यायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं, हेही ते सांगायचे. भिंतीवर ते लिहायला जागा उरली नव्हती. पाणी कुठलं घ्यायचं, तेही लिहिलेलं नव्हतं.

माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना तिला जुलाब लागले. मे महिना, नळाला तीन दिवस पाणी नाही, नवरा ऑफिसात, सर वटारला भावाकडे गेलेले. मी भिंतीजवळ जाऊन पुन्हा वाचून आले. पातेल्यात विहिरीचं लिटरभर पाणी घेतलं, साखर घातली, मीठ घातलं, आणि मग मनात आलं, बाळाच्या पोटात जायचं आहे, उकळून घ्यावं. चुलीवर ठेवलं. तेवढ्यात ती पुन्हा भरली, मग तिला धू, दुपटी धू, उलटी पूस. परत आले तेव्हा पातेल्यात निम्म्याच्या थोडं वर उरलं होतं. मी म्हटलं, चांगलं उकळलं. गार केलं आणि चव बघितली. डोळ्यांतल्या पाण्याइतकंच लागलं. त्या दिवशी मला सगळंच तसं लागत होतं. दिवसभर मी तेच पाजत राहिले. ती अधाशासारखी प्यायची आणि आणखी मागायची, मला वाटलं गुण येतोय.

चार वाजता सर आले. मुलगी किरकिर करून तांबडीलाल झाली होती, हात लावू देत नव्हती. त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. ती कणकेसारखी लागली असावी, कारण ते तसेच धावत रिक्षा आणायला गेले. हा माणूस धावताना मी पहिल्यांदा बघितला.

वसईतल्या एका लहान इस्पितळात रिक्षातून उतरतानाच तिला झटका आला. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, मीठ फार वाढलंय. काय पाजलं? मी सांगितलं, साखर-मिठाचं पाणी. पाणी कुठलं? विहिरीचं. "मग विहीर खारी झाली असणार," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. उकळल्याचं त्यांनी विचारलं नाही. मी बोलले नाही.

पुढचे दोन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. सलाईन थेंबथेंब चालू, आणि तोंडाने द्यायचं ते नर्स मोजून देईल तेवढंच. मुलगी जीभ बाहेर काढून ओठ चाटायची. माझ्या हाताशी पाण्याचा पेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स बाहेर गेलेली बघून मी रुमालाचं टोक भिजवलं. सर खाटेच्या पायथ्याशी उभे होते, त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताई, नको."

"साधं पाणी आहे सर! तहानेने मरेल ती."

"साधं आहे म्हणूनच नको. बाहेरच्या मिठाने तिच्या पेशींमधलं पाणी ओढून घेतलंय, त्या आकसल्यायत. एकदम गोडं पाणी गेलं तर ते आत घुसेल. बाकीचं अंग फुगायला जागा देतं, कवटी देत नाही. हळूहळूच उतरवायला हवं."

ते जे सांगत होते ते खरं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. मी हात सोडवून घेतला आणि वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्या त्या भिंतीवरच्या पाण्यानेच झालंय हे! तुम्ही शिकवू नका आता."

सरांनी माझ्या हातातला रुमाल काढून घेतला. आणि एरवी सतत फेऱ्या मारणारा हा माणूस त्या खाटेपासून हलला नाही. रात्री नवरा आला तरी हलला नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने मला ओळखून हसून दाखवलं, तेव्हा ते बाहेर गेले.

आम्ही घरी आलो त्या सकाळी ते भिंत घासत होते. ऑइलपेंट निघेना, म्हणून शेवटी वर डांबर फासलं. मी खिडकीतून बघत होते. तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, की सर, मी मीठ घालून पाणी आटवलं, भिंतीची चूक नाही. पण आत सासूबाई येऊन बसल्या होत्या, देवगडहून नात बघायला. नवऱ्याच्या तोंडी विहीर, शेजाऱ्यांच्या तोंडी विहीर आणि मास्तर. मी मनात म्हटलं, उद्या सांगू.

त्या उद्याला चार वर्षं लागली. सर चालायचे तसेच चालायचे, उलट जास्तच. पण विहिरीवरच्या बायकांना पाठ दाखवून चालायचे, आणि कोणी दारात येऊन साखर-मिठाचं विचारलं तर "देऊ नका" म्हणायचे. काकडीचं विचारणं बंद झालं. सूक्ष्मदर्शकावर फडकं पडलं. कोळणीकडून न बोलता बांगडे घ्यायचे, तर तीच एकदा म्हणाली, "मास्तर, बरं नाय काय?" माझ्या मुलीवर मात्र त्यांचा जीव. ती त्यांच्या मागून अंगणात फेऱ्या मारायची. ते बघितलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायची. कोणी मरण पावलं नव्हतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायची. चांगली पटायची मला माझीच समजूत.

मग एका पावसाळ्याच्या सुरुवातीला गावात जुलाबाची साथ आली. सकाळी नऊचा सुमार असेल. मी पोळ्या लाटत होते. मागच्या भातशेतांपलीकडच्या घरातली सून धापा टाकत सरांच्या दारात आली.

"मास्तर, पोराला रात्रीपासून ढाळ लागलीत. साखर-मिठाचं पानी दिऊ काय?"

"नको," सर म्हणाले. "मीठ अजिबात देऊ नकोस. सलाईन लावायला घेऊन जा."

"रिक्षा मिळंपर्यंत काय दिऊ?"

"काही नको."

ती रिक्षा बघायला पळाली. मी लाटणं तसंच हातात घेऊन बाहेर आले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "सर, भिंतीवरचं बरोबर होतं. मी मीठ घातल्यावर पाणी उकळत ठेवलं होतं. निम्मं आटलं होतं."

ते थांबले. खरोखरच थांबले. "किती राहिलं होतं?"

"निम्म्याच्या थोडं वर."

त्यांचे ओठ हलायला लागले. विहिरीतलं मीठ, चमच्यातलं मीठ, उरलेलं पाणी. हिशेब जुळला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"चार वर्षं," ते म्हणाले. "चार वर्षं मी ह्या बायकांना औषध देऊ नका म्हणून सांगतोय! किती जणी दारात येऊन गेल्या, तुम्हाला मोजता येतील? पोरांचं पाणी बाहेर चाललंय आणि मी दार लावून घ्या म्हणतोय. तुम्ही तिथे, त्या खिडकीत, ऐकत होतात!"

"हो."

"चपला घाला."

बांधावरून ते पुढे आणि मी मागे, अर्धी धावत. चिखलात माझी चप्पल दोनदा रुतली, त्यांनी वळून बघितलं नाही. मनात एकच होतं, मास्तर नको म्हणतात म्हणून ते पोर काही न पिता किती वेळ राहिलं असेल. सकाळचे दोन तास? तीन? माझ्या चार वर्षांतले हे शेवटचे तीन तास त्याच्या वाट्याला आले होते.

ओटीवर म्हातारी बसली होती. मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं पोर, डोळे खोल गेलेले, आणि शेजारी वाटी-चमचा.

"या मास्तर. सून रिक्षा आनायला गेली."

सरांचं लक्ष वाटीकडे. "काय देतेस?"

"साखरेचं पानी. पहाटेपासनं देते."

"मीठ किती घातलंस?"

"मीठ कशाला? आमच्या विहिरीचं पानी काय कमी खारं हाय? तुमी भिंतीवर लिवलेलं ना, तवाच म्या म्हटलं, मास्तर मीठ दोनदा घालतोय. आमी मीठ सोडून देतो. साखर सहा चमचे. ती तुमी सांगितली तेवढीच."

सरांनी तळहात पुढे केला. म्हातारीने चमचाभर ओतलं, त्यांनी ते जिभेवर घेतलं. बराच वेळ घोळवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, पण इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. मग मोठ्याने, "पण मी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"ते तुमी सुनेला सांगितलं. मला कोन इचारलं?"

सर एवढेसे झाले, आणि त्याच वेळी त्यांना हसूही येत होतं. दोन्ही एकदम सांभाळणं जमेना तेव्हा ते माझ्याकडे वळले. "सांगा," ते म्हणाले आणि ओटीवरून खाली उतरून खळ्यात गेले.

मी सांगितलं. इस्पितळात सरांना काय बोलले तेही सांगितलं. म्हातारी ऐकता ऐकता पोराच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती.

"म्हंजे त्या पोरीची आई तू."

"हो."

"वाचली ना?"

"वाचली. बालवाडीत जाते."

"आनि चार वर्सं बोलली नाय."

"नाही."

"मास्तर बिचारा खाली मान घालून फिरायचा. आमी म्हनायचो, वय झालं."

मला रडू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला, थांबेना. म्हातारीने माझं रडून होईपर्यंत वाट बघितली नाही. पोराला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि वाटी हातात दिली.

"धर. पहाटेपासनं माझा हात भरून आलाय. रिक्षा येईस्तवर तू पाज. पन दमानं, ओकंल नायतर."

चार वर्षांत मी कुठल्याच लेकराला असलं पाणी पाजलं नव्हतं. मी चमचा अर्धाच भरला. खळ्यातून सरांचा आवाज आला, "गिळतोय का?" इकडून तिकडे जाता जाता पुन्हा विचारलं, "ताई, गिळतोय का?" मी चमचा त्याच्या ओठाला लावला. अर्धं हनुवटीवरून ओघळलं, अर्धं आत गेलं. त्याने ते गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं.